भरीव बैल

पोळ्याला तोरणाखालून पहिला बैल कुणाचा जावा, यावरून जगात लढाया होत नाहीत हे खरं. पण साखऱ्याच्या शिवेला लागून असलेल्या त्या गावात याहून लहान कारणांवरून लोकांनी एकमेकांच्या मयतीला जाणं सोडलं होतं. त्यामुळे किसनराव पाटलांना श्रावणभर झोप लागली नाही, यात नवल काहीच नव्हतं.

पहिल्या बैलाचा मान निजामाच्या काळापासून पाटलांच्या घरात. पाटीलकी गेली, जमीन भावाभावांत फाटत गेली, वाट्याला आलेल्या तुकड्याला गावात आता कुणी वळून बघत नव्हतं. मान तेवढा शाबूत होता. तो सांभाळायला फारसं काही लागत नसे, फक्त बैल लागत. आणि नेमके तेच किसनरावांनी जवळा बाजारच्या बाजारात नेऊन विकले होते.

विकले कारण ट्रॅक्टर घेतला. ट्रॅक्टरला वैरण लागत नाही, तो शेण टाकत नाही, आणि त्याच्या बॉनेटवर मोठ्या अक्षरात 'पाटील' लिहिता येतं. बैलांच्या पाठीवर तशी सोय नव्हती. बैल विकले त्या दिवशी मनकर्णाबाई माहेरी, शिरड शहापूरला होत्या. परत आल्या तर गोठ्यात ट्रॅक्टर उभा. त्यांनी दावी सोडली, झटकली, भिंतीच्या खुंटीला अडकवली आणि चूल पेटवायला गेल्या. त्या बोलल्या असत्या तर किसनरावांना बरं वाटलं असतं, कारण बोलण्याला उत्तर देता येतं.

त्या वर्षीच्या पोळ्याला त्यांनी मेहुण्याची जोडी आणून वेळ मारून नेली. पण गावात तातेराव नावाचा माणूस होता. तातेरावांच्या दावणीला खिल्लार जोडी होती, मानात पाटलांच्या खालोखाल त्यांचंच घर होतं, आणि दुसऱ्याच्या लग्नात वरणात मीठ कमी पडलं की त्यांना रात्रभर गोड झोप लागत असे. त्यांनी पारावर सगळ्यांदेखत विचारलं, "भाड्याचा नवरदेव घोड्यावर बसविला, तर नवरी नांदाया कुठं जायची?" लोक हसले. लोक हसले म्हणजे आमच्याकडे ठराव मंजूर होतो. तोरणाची दोरी धरणारे म्हातारे ग्यानोबा म्हणाले, "म्होरल्या सालापासून घरचाच बैल पाहिजे. न्हाई तर मान तातेरावाचा."

पुढचं साल आलं. श्रावणात पुन्हा पारावर बैठक बसली आणि तातेरावांनी साखर तोंडात धरल्यासारखं विचारलं, "काय पाटील, यंदा तोरणाखालून ट्रॅक्टर नेता का?"

आता किसनरावांनी हसून सोडून दिलं असतं, किंवा एखादी जोडी विकत आणली असती, तर ही गोष्टच झाली नसती. पण राग आला की माणसाला कल्पना सुचतात, आणि पाटलांना तर फारच सुचतात.

"ज्याच्या घरी बैल न्हाई तो पोळ्याला काय पुजतो?" त्यांनी विचारलं.

"मातीचे," कुणीतरी म्हणालं.

"मग मी मातीचा करीन. ताटातला न्हाई, चांगला थोराड. माझ्या सोताच्या रानातल्या काळ्या मातीचा. त्याच्याहून घरचा बैल अजून कोणता ऱ्हायला, सांगा!"

ग्यानोबांनी बराच वेळ दाढी खाजवली. शास्त्रात काही सापडेना. मातीच्या बैलाला पोळ्यात नाही म्हणता येत नव्हतं, आणि माती तर घरचीच होती. शेवटी ते म्हणाले, "चालंल. ट्रॉलीत घालून आणा पाहिजे तर. पण तोरणाखालून अख्खा गेला पाहिजे. वाटंत मोडला तर मान गेला." तातेरावांनी लगेच मान डोलावली. तातेराव एखाद्या गोष्टीला लगेच हो म्हणाले की शहाण्या माणसाने घरी जाऊन दार लावून घ्यावं. किसनराव घरी गेले ते जगनला फोन लावायला.

जगन जवळच्या तांड्यावरचा. नांदेडला मूर्तीच्या कारखान्यात काम शिकून आलेला. पोळा झाला की चार दिवसांवर गणपती, म्हणजे मूर्तिकारांना श्वास घ्यायला फुरसत नसते, जगनला होती. मागच्या वर्षी त्याने केलेल्या एका गणपतीची सोंड आरती चालू असताना गळाली होती. त्याने किसनरावांचं म्हणणं ऐकलं आणि विचारलं, "माती कोन्ती?"

"आपली काळी."

"पाटील, काळी नगं. शाडू आणू. न्हाईच जमलं तर पांढरी घेऊ."

यात जगनचं काही मोठं शहाणपण नव्हतं. आमच्याकडे शेत म्हणजे काळी आणि गाव म्हणजे पांढरी. पीक काळीत येतं आणि भिंत पांढरीची उभी राहते, हे पाळण्यातल्या लेकरालाही ठाऊक असतं. काळ्या मातीची भिंत आजवर कुणी बांधली नाही, कारण ती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की फाटते. किसनरावांना हे माहीत नव्हतं असं नाही. ज्या भिंतीला टेकून ते बोलत होते ती पांढरीचीच होती. पण पारावर 'माझ्या रानातली काळी' म्हणून बसल्यावर आता पांढरी आणणं म्हणजे तातेरावांच्या हातात आयतं कोलीत देणं होतं.

"काळीच," ते म्हणाले.

"मग आतून कडबा भरू. पोकळ ठिवू. वजनाला हलका, वाळतो बी लवकर."

"पोकळ?" किसनराव ताडकन उभे राहिले. "पाटलाचा बैल पोकळ? लोक काय म्हनतील? भरीव पाहिजे. नाकापासून शेपटापोतर भरीव!"

जगनने पुढाऱ्यांची कामं केली होती. त्यामुळे एकच गोष्ट दोनदा सांगायची नाही, हे तो शिकला होता. एकटा बैल शोभत नाही म्हणून जोडीच करायची ठरली, आणि त्याने पायांच्या जागी फळ्यांवर बाभळीचे खुंट ठोकून चिखल तुडवायला घेतला.

ओली होती तोवर ती जोडी खरोखर देखणी होती. काळीभोर, चकचकीत, वशिंडं अशी भरलेली की हात फिरवावासा वाटे. गोठ्यात ट्रॅक्टरच्या शेजारी ती उभी केली तेव्हा सगळं गाव बघायला आलं. किसनराव बैलांच्या मध्ये उभे राहून प्रत्येकाला सांगत होते, "भरीव आहेत. ठोकून बघा." ठोकायला गेलेल्याचा हात मनगटापर्यंत काळा होई आणि पाटील म्हणत, "वाळू द्या की."

मग बैल वाळायला लागले.

काळी माती पिठाहून बारीक असते. तिच्या कणाकणाला पाणी धरून ठेवायची हौस. पाणी आहे तोवर सगळे कण सुखाने अंतर राखून असतात. पाणी निघालं की जवळ सरकतात, एकमेकांना घट्ट धरतात, आणि त्या ओढाओढीत सगळा गोळाच आक्रसतो. उन्हाळ्यात रानाला भेगा पडतात त्या याच भांडणातून. रानाला भेगा पडल्या तर जमीन तापली म्हणतात. पाटलांच्या बैलांना पडल्या तेव्हा गाव बघायला आलं.

आधी जोडी बारीक झाली. थोराड बैलांचे गोऱ्हे झाले. वशिंडं बसली, पाठीचा कणा वर आला, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा दिसू लागल्या. तातेराव येऊन बघून गेले आणि जाता जाता कळवळून म्हणाले, "पाटील, चार पेंड्या वैरन टाका हो. मुकं जनावर हाये." मग डाव्या बैलाला मानेखाली एक केसाएवढी भेग पडली. सकाळी दिसली तेव्हा तिच्यात सुई जात होती, सांजेला बोट जायला लागलं. आणि एक दिवस तो बैल आपल्या आपण दोन भागांत विभागून मोकळा झाला, पाटलांच्या वडिलोपार्जित जमिनीसारखा.

किसनरावांनी धीर सोडला नाही. डाव्या बैलाचा चिखल भिजवून तो उजव्याच्या भेगांत भरायला लावला. पण उजव्याचं वरचं अंग आक्रसायचं तेवढं आक्रसून बसलं होतं आणि नवा चिखल अजून आक्रसायचा होता. त्यामुळे प्रत्येक ठिगळ रात्रीतून कडेने सुटे आणि सकाळी खपलीसारखं खाली पडलेलं सापडे.

मग त्यांनी मुलाला बोलावलं. बालाजी बी.एस्सी. झालेला, सेनगावला त्याचं कृषी सेवा केंद्र होतं. त्याने बैलाभोवती एक फेरी मारली आणि शिकलेल्या माणसाच्या आवाजात म्हणाला, "बाबा, ह्याला कलॉइड म्हणतेत. बारीक कण पाण्यात तरंगून राहिलेले असतेत. पाणी गेलं की ते एकमेकाला धरतेत आणि पातळाचं घट्ट व्हतं."

"मग धरू दे की. आडवलंय कुणी?"

"हळूहळू पाणी गेलं तर धरतेत. घाई केली तर वरचे आधी धरतेत, आतले तसेच तरंगत राहतेत. मग वरच्याचं आतल्याशी जमत न्हाई."

"म्हंजे आपल्या गावातलेच हायेत," किसनराव म्हणाले. "पोळा तोंडावर आलाय. वाळीव!"

आणि हळू वाळवावं असं शास्त्र सांगून झाल्यावर बालाजीने उफणणीचा मोठा पंखा आणून बैलासमोर लावला आणि दोन्ही बाजूंनी हॅलोजनचे दिवे सोडले. शिकलेली माणसं शास्त्र सांगतात आणि बापाचं ऐकतात, असा आमच्याकडे रिवाज आहे.

बाहेर पावसाची झड लागलेली, हवेत इतकी ओल की मिठाच्या बरणीत पाणी सुटावं. आणि गोठ्यात पंखा घोंघावतोय, दिवे जळतायत. बैलाचं वरचं कातडं कडक झालं. किसनरावांनी बोटाच्या पेराने ठोकून पाहिलं. टणटण वाजलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं नाही. त्यांनी मनकर्णाबाईंना हाक मारली, "आगं, ये, बघ. दगड झालाय दगड!"

मनकर्णाबाई पदराला हात पुसत आल्या. त्यांनी बैलाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. "आवो, दुधावर साय आली म्हंजे दूध गोठत न्हाई," एवढंच म्हणाल्या.

"तुला काहून प्रत्येक गोष्टीत खोट दिसून राहिली?"

"मला काय दिसायचंय," म्हणून त्या गेल्या.

भेगा लपवायला वरून पांढरा तेलरंग द्यायचं ठरलं. ही युक्ती जगनची. रंगाचा डबा बालाजीने आणला. तेलरंग बसला की आतलं पाणी बाहेर पडायची उरलीसुरली वाट बंद होते, हे बालाजीला पुस्तकातून आणि जगनला अनुभवातून ठाऊक होतं. पण बालाजीला दुकान उघडायचं होतं आणि जगनला मजुरी घेऊन घरी जायचं होतं. रंग लागला आणि बैल खरंच खिल्लार दिसू लागला. शिंगांना हिंगूळ, कपाळाला बाशिंग, पाठीवर आरशांची झूल. किसनरावांनी त्याच्याबरोबर फोटो काढून घेतला आणि पाहुण्यारावळ्यांत पाठवला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहून दुखलेले खांदे लोणी-हळदीने चोळायचे आणि बैलांना उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. किसनरावांनी हा रिवाजही सोडला नाही. या बैलाने जन्मात जू पाहिलं नव्हतं, पण मानाचा बैल तो मानाचा बैल. त्यांनी वाटीतलं लोणी बोटांवर घेतलं, खांद्यावर ठेवलं आणि चोळायला जोर दिला.

अंगठा आत गेला.

अगदी सहज गेला, लोण्यात जावा तसा. बाहेर काढला तर भोकातून काळं पाणी ओघळलं आणि पांढऱ्या पायावरून खाली आलं. वरून दगड आणि आत सगळा चिखल, जगनने तुडवला होता तसाच. त्यांनी घाईघाईने भोकात चिंधी कोंबली, झूल पुढे ओढली आणि वळून पाहिलं. दारात मनकर्णाबाई उभ्या होत्या.

"आजून येळ गेली न्हाई," त्या म्हणाल्या. आवाजात टोमणा नव्हता. "तातेरावभावजीला म्हणा, यंदा तुमी व्हा म्होरं. काय व्हतंय? चार दिवस बोलतील, गणपती बसले की इसरतील."

किसनरावांना क्षणभर वाटलं, म्हणावं. आतून फार वाटलं. मग तातेरावांचा चेहरा डोळ्यांसमोर आला. "पिढ्यांचा मान हाये," ते म्हणाले. "माझ्या हातानं घालवू?"

"पिढ्यांचं बैलासंगं बाजारात गेलं की."

"तुला मानातलं काय कळतं गं? बाईमाणसानं पुरणाचं बघावं."

मनकर्णाबाई हरभऱ्याची डाळ निवडायला गेल्या.

पोळ्याच्या दिवशी दुपार कलल्यावर बैल ट्रॉलीत चढवला. चढवायला अर्धी आळी लागली. प्रत्येकजण 'भरीव हाये बरं का' म्हणत होता आणि किसनरावांना त्यातली खोच कळत नव्हती. बालाजी ट्रॅक्टरवर बसला. किसनराव फेटा बांधून ट्रॉलीत बैलाच्या शेजारी, वशिंडावर हात टेकून उभे राहिले. वरात निघाली.

घरापासून वेशीपर्यंतचा रस्ता नुकताच नवा झाला होता, म्हणजे खड्डेही नवे होते. ज्याची गाडी कधी काळीत रुतली आहे त्याला सांगायला नको: ती माती उभ्या उभ्या घट्ट वाटते, पण तिला हलवली, दणके दिले, की बघता बघता तिची आंबील होते. ट्रॉली पहिल्या खड्ड्यात आदळली तेव्हा आत काहीतरी डुचमळल्याचा आवाज झाला. दुसऱ्या खड्ड्यात बैलाचं पोट खाली आलं. मारुतीच्या देवळापाशी पोचेपर्यंत ते इतकं फुगलं, की एक बाई दुसरीला म्हणाली, "आगं बया, बैल गाभण हाये."

वेशीत आंब्याच्या डहाळ्यांचं तोरण ताणलेलं. गावातले उरलेसुरले बैल दोन्ही बाजूंना सजून उभे, सगळ्यांत पुढे तातेरावांची जोडी. बायका ओवाळणीची ताटं घेऊन कडेला. कुणीतरी झडती, म्हणजे पोळ्यातलं टोमण्याचं गाणं, म्हटली:

"टाकी रे टाकी, डिझलाची टाकी,
पाटलाच्या नंदीला शेणाची चाकी,
शेपटी उचलून पाहिली, नुसता चिखल बाकी!"

"हर हर महादेव!" सगळं गाव ओरडलं. किसनरावही ओरडले, जरा उशिराने.

तोरण जवळ आलं. ट्रॅक्टरचं तोंड खालून गेलं. ट्रॉली आली. बैलाची शिंगं डहाळ्यांना आता लागणार, एवढ्यात बालाजीने गिअर बदलला. एक हिसका बसला. साधा हिसका, जिवंत बैल त्याने हललाही नसता. पण रंगाचं कातडं पोटाखाली टरकन फाटलं आणि श्रावणभर आत कोंडून राहिलेला सगळा चिखल एकदम बाहेर आला. बैल पडला नाही. पडायला आत काही असावं लागतं. तो ओतला गेला. वशिंडावर हात ठेवलेले किसनराव वशिंडाबरोबरच खाली गेले. बाशिंग बांधलेलं मुंडकं घसरत जाऊन ट्रॉलीच्या फळीला टेकलं आणि गावाकडे बघत बसलं. बाभळीचे चार खुंट तेवढे जागच्या जागी ताठ उभे होते.

गाव हसलं. हसता हसता लोक खाली बसले, एकमेकांच्या पाठी बडवायला लागले. बैलसुद्धा बिचकून माना हलवायला लागले आणि त्यांच्या घुंगरमाळा वाजल्या.

"बसलाय," गुडघ्याएवढ्या चिखलातून किसनराव ओरडले. "बैल बसलाय नुसता! उठंल!"

यावर जे लोक हसायचे थांबले होते तेही पुन्हा सुरू झाले.

ग्यानोबांनी हात वर केला. "पाटील, अख्खा जायचं ठरलं व्हतं. नंदी तोरणाच्या आलीकडंच ऱ्हायला." मग बालाजीला म्हणाले, "पोरा, ट्रॉली मागं घे. तातेराव, तुमी या म्होरं."

ट्रॉली मागे आली. किसनरावांना तिच्यातून उतरताही येईना, पाय काढायला गेले की चिखल बूट धरून ठेवी. फेट्यावरून ओघळ येत होते. त्या माणसाला तेव्हा रडायला येत होतं, आणि ते कुणाला कळू नये म्हणून तो खाली बघत राहिला. आज्याच्या आज्यापासून चालत आलेलं, आणि गेलं ते असं, गिअर बदलताना. तातेरावांनी कासरा सैल सोडला. खिल्लार जोडी एक पाऊल पुढे आली.

"थांबा भावजी."

मनकर्णाबाई होत्या. त्यांनी हातातलं ताट शेजारणीकडे दिलं, पुढे आल्या, ट्रॉलीच्या कडेला लोंबणारी झूल ओढून काढली, झटकली आणि आपल्या खांद्यावर टाकली. चिखल लुगड्यावर उडाला.

"ग्यानोबामामा, तुमी घरचा बैल म्हनला व्हता ना?"

"व्हय, पाटलीणबाई."

"यंदा आमच्या सोयाबीनची कोळपणी झाली. दोन डाव झाली. उभ्या पिकात ट्रॅक्टर जातो का?"

"कसा जाईल?"

"बैल तर न्हाईत. मंग कोळपं वढलं कुणी?"

तण काढायचं, सायकलच्या चाकाचं कोळपं सगळ्यांना माहीत होतं. मागून एकाने मूठ धरून रेटायचं, आणि माती जड असेल तर पुढून एकाने दोरी खांद्यावर घेऊन ओढायचं.

"मूठ ह्यांच्या हातात आन् दोरी माझ्या खांद्यावर. नाल्याकाठच्या तुकड्यात, रस्त्यावरून दिसत न्हाई तिथं. मी थांबले की हे मागून 'चल, चल' म्हनायचे. खांदा बघायचाय का?" त्यांचा हात पदराकडे गेला.

"ऱ्हाऊ द्या, पाटलीणबाई," ग्यानोबा घाईने म्हणाले.

ही गोष्ट आपल्याला आतापर्यंत कळली नाही, कारण किसनरावांनी ती कुणाला सांगितली नव्हती. लपवली असंही नाही. सांगण्यासारखी आहे, असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं.

ग्यानोबा ट्रॉलीकडे वळले. "पाटील, खरं हाये का हे?"

सगळं गाव किसनरावांकडे बघू लागलं. नाही म्हटलं तर तोरण तातेरावांचं. होय म्हटलं तर मान घरात राहणार, आणि पाटलीण कोळप्याला जुंपली हे पाटलाने वेशीत उभं राहून, स्वतःच्या तोंडाने, बायकापोरांसमोर कबूल करायचं. किसनरावांनी मनकर्णाबाईंकडे पाहिलं. त्या त्यांच्याकडे बघत नव्हत्या, तोरणाकडे बघत होत्या. मग त्यांनी तातेरावांकडे पाहिलं, आणि त्यांचा निर्णय झाला.

"व्हय," ते म्हणाले. "तिनंच वढलं."

मान वाचला.

ग्यानोबांनी तोरणाची दोरी सैल केली, कारण मनकर्णाबाई उंचीला कमी होत्या. डहाळ्या त्यांच्या डोक्याला लागल्या, त्यांनी हाताने तोरण तोडलं आणि त्या पलीकडे गेल्या. डफ वाजायला हवा होता. डफवाल्याला ते जरा वेळाने आठवलं. कुणी हसलं नाही. तातेरावांनी मागे, बायकांच्या घोळक्यात उभ्या असलेल्या आपल्या बायकोकडे एकदा पाहिलं आणि नजर चटकन बैलांच्या खुरांवर नेली.

मानाचा बैल तोरणाखालून गेला की मारुतीला फेरी घालून घराघरांपुढून जातो. मनकर्णाबाई तशाच गेल्या. दारादारांत बायकांनी आधी एकमेकींकडे पाहिलं, मग कुणी कुंकू लावलं, कुणी पायावर पाणी घातलं. एका म्हातारीने तर वाकून त्यांचे पाय नुसते धरून ठेवले आणि किती वेळ सोडलेच नाहीत. मागून थोड्या अंतरावर, पायात एकच बूट असलेले किसनराव चालत होते. मानकऱ्याने बैलामागे चालायचंच असतं.

आपल्या दारात आल्यावर मनकर्णाबाई उंबऱ्याबाहेर थांबल्या. घरच्या दारात बैल असा आत शिरत नाही. आधी त्याचे पाय धुवायचे असतात, त्याला ओवाळायचं असतं, घास द्यायचा असतो. हे दरवर्षी घरची बाई करते. किसनराव थोडा वेळ बाजूला उभे राहिले, कुणीतरी येईल म्हणून. कुणी आलं नाही. समोर आळी जमली होती, तातेरावही जमले होते. शेवटी पाटलांनी रांजणातून तांब्या भरून आणला, खाली उकिडवे बसले आणि बायकोचे पाय धुतले. निरांजन लावलं, ते दोनदा विझलं. ओवाळलं. मग घासासाठी ते स्वयंपाकघरात गेले.

फडताळ उघडल्याचा आवाज आला. मग डबे सरकवल्याचा, मग एक झाकण पडल्याचा. बराच वेळ गेला.

"आगं," आतून आवाज आला, "पुरणाच्या पोळ्या कुठं ठिवल्यास?"

मनकर्णाबाई झूल पांघरून दारात उभ्या होत्या. ऐकू गेलं नाही असं नव्हतं.

"आगं ए! पोळ्या!"

सगळी आळी त्यांच्या तोंडाकडे बघत होती. त्या काही बोलल्या नाहीत. बैल बोलत नसतात.